बघू म्हणणाऱ्यांचा रकाना

मुलुंडच्या त्या सोसायटीच्या हॉलमध्ये खुर्च्या सुलक्षणाने स्वतः मांडल्या होत्या, त्यामुळे त्या रिकाम्या राहिल्याचा राग तिला जरा जास्तच आला. पाच वाजून गेले, साडेपाच झाले. वॉचमन दोनदा डोकावून गेला आणि तिसऱ्यांदा आत येऊन त्याने विचारलं, की बाई, कार्यक्रम रद्द झाला असेल तर हॉल झाडून घेऊ का. कार्यक्रम रद्द झालेला नव्हता. कार्यक्रम म्हणजे ती होती, आणि ती वेळेवर आली होती.

तिने खुर्च्या एकात एक घातल्या, जरा आपटूनच घातल्या, आणि किल्ली वॉचमनच्या हातात देऊन निघाली. हे असं तिसऱ्यांदा होत होतं.

सुलक्षणा परब घाटकोपरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची. तात्पुरती. दर जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत आणि पुन्हा तोच प्रश्न, की तुमची पीएच.डी. कुठवर आली. ती झाली की कायम करू, असं प्राचार्य सांगत. पीएच.डी.ची नोंदणी येत्या जूनअखेर संपत होती, आणि तोवर प्रबंध सादर झाला नाही तर पाच वर्षं पाण्यात जाणार होती. सादर व्हायचा तर त्यावर मार्गदर्शकाची सही हवी होती. मार्गदर्शक होते डॉक्टर श्यामसुंदर टिपणीस.

टिपणीस सर म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हतं. १९६९ साली त्यांनी चेंबूरच्या एका सरकारी वसाहतीत केलेला प्रयोग परदेशातल्या मोठ्या नियतकालिकात छापून आला, आणि तिथून तो बी.ए.च्या पाठ्यपुस्तकात उतरला. ‘पहिल्या होकाराचा परिणाम’ असं त्याचं नाव. प्रयोग सोपा होता. काही घरांत आधी जाऊन एक फुटकळ विनंती करायची: ‘नळ बंद केलात का?’ असं लिहिलेली ही चिठ्ठी मोरीत चिकटवाल का? एवढ्याला कोण नाही म्हणतो? मग पंधरा दिवसांनी त्याच घरांत जाऊन मोठी विनंती करायची, की सुट्टीतली एक दुपार द्या, वसाहतीतले गळके नळ मोजायला आमच्याबरोबर फिरा. उरलेल्या काही घरांत चिठ्ठी-बिठ्ठी काही नाही, थेट मोठी विनंती. सरांना आढळलं, की चिठ्ठी लावलेल्या शंभरातले सत्तर लोक दुपार द्यायला तयार होतात, आणि थेट विचारलेल्यांतले जेमतेम पंचवीस. म्हणजे माणसाने एकदा छोट्या गोष्टीला हो म्हटलं, की मोठ्या गोष्टीला नाही म्हणणं त्याला जड जातं.

सुलक्षणाचा यावर मनापासून विश्वास होता. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला हा धडा वाचल्यावर तिने तो लगेच घरी वापरून पाहिला होता. आधी वडिलांकडून राणीच्या बागेत जायची परवानगी घेतली आणि मग आठ दिवसांनी महाबळेश्वरच्या सहलीची. दोन्ही मिळाल्या. एखाद्या पुस्तकातली गोष्ट आपल्या स्वयंपाकघरात खरी होते, याचं तिला इतकं अप्रूप वाटलं, की ती मानसशास्त्रातच राहिली आणि पुढे टिपणीस सरांकडेच गेली. सरांचा सिद्धांत पुढे न्यायचा, घरमालक आणि भाडेकरू यांच्यात फरक पडतो का ते पाहायचं, असा तिचा विषय होता. पहिल्या प्रकरणात सरांचा मूळ प्रयोग एकदा पुन्हा करून दाखवायचा होता. हात बसण्यापुरता करून घे, असं सर म्हणाले होते.

तो हातच बसेना. पहिल्यांदा केला तेव्हा चिठ्ठी लावलेली घरं आणि न लावलेली घरं, दोन्हींचे होकार सारखेच आले, शंभरात वीस-पंचवीस. सर म्हणाले, तू घाई केलीस, विचारण्यात आर्जव हवं. सुलक्षणाला ते लागलं, पण तिने आरशासमोर उभं राहून आर्जव शिकून घेतलं. दुसऱ्यांदाही तेच. त्या वेळी सरांनी दोष टीव्हीला दिला. तिने लोकांना रविवारी सकाळी बोलावलं होतं, आणि त्या वर्षी रविवारी सकाळी टीव्हीवर देव आले, की अख्खं मुलुंड दारं लावून हात जोडून बसायचं, रिक्षासुद्धा मिळायची नाही. हे तिला पटलं. म्हणून तिसऱ्यांदा तिने नवी इमारत घेतली, नवी माणसं घेतली आणि शनिवारची संध्याकाळ ठेवली. पुन्हा तेच.

खरं तर हॉलमध्ये जाऊन बसायची काही गरज नव्हती. सरांच्या मूळ प्रयोगात कोणी कुठे आलंच नव्हतं. लोकांचं तोंडी उत्तर घ्यायचं, कार्डावर हो किंवा नाही यापुढे खूण करायची आणि प्रयोग संपला. पण लोकांना या म्हणायचं आणि आपणच जायचं नाही, हे सुलक्षणाला जमेना. हो म्हणालेल्यांपैकी एखादा खरंच आला तर? म्हणून ती दर वेळी लोकांनी जमायला हॉल घ्यायची, खुर्च्या मांडायची, आणि पाचसहा माणसं यायची. या खेपेला तेवढीही आली नाहीत.

या तिसऱ्या खेपेला सर म्हणाले, की मुलुंड व्यापाऱ्यांचं झालंय, तिथे कोणाला कोणाचं पडलेलं नाही, चेंबूरची गोष्ट वेगळी होती.

हे तिने कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मीरा खरातला सांगितलं. मीरा संख्याशास्त्र शिकवायची आणि सुलक्षणाची सगळी गणितं तपासून द्यायची. ती म्हणाली, “यार, प्रयोग चुकला की तू चुकलीस, आणि बरोबर आला की सर बरोबर. हा कसला प्रयोग गं?” सुलक्षणाला तिचा रागच आला, कारण हेच वाक्य गेले दोन महिने तिच्या स्वतःच्या डोक्यात फिरत होतं आणि ते तिथेच राहावं असं तिला वाटत होतं.

घरी भटवाडीतल्या खोलीत वडील चहा करून बसले होते. सहदेव परब बावीस वर्षं परळच्या गिरणीत होते. संपात गिरणी गेली, लालबागची खोली गेली, आई मालवणजवळच्या गावी शेताकडे जाऊन राहिली, आणि बापलेक घाटकोपरला आले. तेव्हापासून सहदेव कुठे चार महिने गोडाऊनवर, कुठे दोन महिने एखाद्याच्या सुट्टीच्या जागी, असं करत होते. पण त्यांचा सगळा जीव विक्रोळीच्या एका कारखान्यात अडकलेला होता. तिथले टाइम ऑफिसचे साहेब त्यांच्याच तालुक्यातले. वॉचमनची कायमची जागा निघाली की तुझं बघू, असं त्यांनी चार वर्षांपूर्वी सांगितलं होतं. सहदेव दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून विक्रोळीला जायचे आणि दुपारी परत यायचे. मुलीने विचारलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. “नाय म्हणूक नाय ते. बगूया म्हणाले.”

हे उत्तर ते इतक्या समाधानाने द्यायचे, की सुलक्षणा पुढे काही विचारायची नाही. तिला चीड यायची, पण ती नेमकी कोणाची हे तिलाही सांगता आलं नसतं.

मे महिन्यात सर स्वतःच म्हणाले, की चल, मी येतो चेंबूरला, कसं विचारायचं ते दाखवतो. त्यांच्या आवाजात चिडचिड होती. आपल्या नावाचा सिद्धांत आपल्याच विद्यार्थिनीच्या हातात तीन वेळा मोडतो म्हणजे काय? सुलक्षणाने पंधरा दिवस आधी जाऊन निम्म्या घरांत नळाच्या चिठ्ठ्या लावून घेतल्या, आणि ठरल्या दिवशी दोघं त्याच जुन्या सरकारी वसाहतीत पोचले. सर त्या काळी तिथेच राहायचे. जिन्यात भेटणारी म्हातारी माणसं अजून त्यांना ओळखत होती, बाजूला सरकत होती. सुलक्षणाला वाटलं, आता येईल प्रयोग बरोबर. ट्रॉम्बेहून थोडा वारा येत होता आणि तिला चार महिन्यांत पहिल्यांदाच हलकं वाटलं.

पहिलं दार भाऊराव इंगळ्यांचं. पन्नाशीचे गृहस्थ, टपाल खात्यात. मोरीत चिठ्ठी लावलेली होती. सरांनी नमस्कार केला, मुलाबाळांची चौकशी केली, मग येत्या शनिवारी संध्याकाळी गळके नळ मोजायला येण्याविषयी विचारलं. खरंच किती आर्जवाने विचारलं. भाऊराव हसले, मान जराशी तिरकी केली आणि म्हणाले, “बघू ना सर.”

सर खाली उतरताना म्हणाले, “लिही. हो.”

सुलक्षणाच्या हातातली पेन्सिल थांबली. तिने विचारलं, ते हो कुठे म्हणाले.

“अगं, बघू म्हणाले की.”

“म्हणजे नाही ना, सर?”

सर जिन्यातच उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, साधं आश्चर्य होतं. आपला माणूस तोंडावर हो म्हणतो का कधी, असं त्यांनी तिला समजावलं. हो म्हटलं तर आगाऊपणा दिसतो, म्हणून तो भिडेने बघू म्हणतो. एकोणसत्तर साली सगळे असंच म्हणाले होते, आणि त्यांनी सगळ्यांना होकारात धरलं होतं. त्यात विचारण्यासारखं काय आहे?

सुलक्षणा तीन वेळा मुलुंडला शेकडो दारांत उभी राहिली होती आणि प्रत्येक ‘बघू’ तिने नकारात टाकला होता. त्याचा एकदाही विचार केला नव्हता. कोणी विचारलं असतं तर तीही म्हणाली असती, की आपला माणूस तोंडावर नाही म्हणतो का कधी? म्हणून तर बघू म्हणतो. एकाच शब्दाकडे दोघं दोन टोकांनी पाहत होते, आणि चार महिने एकमेकांना अडाणी समजत होते.

त्या दिवशी ती सगळी दारं हिंडली, पण सरांच्या मागे नुसती लिहीत राहिली. हो, नाही आणि बघू, तीन वेगळे रकाने. थेट विचारलेल्या घरांतले लोक सरळ नाही म्हणत होते, एका बाईंनी तर वाक्य पुरं व्हायच्या आत दार लोटलं. चिठ्ठी लावलेल्या घरांतले लोक मात्र हसत होते, पाणी विचारत होते आणि बघू म्हणत होते. एकच माणूस वेगळा निघाला. वरच्या मजल्यावरचे अंबादास म्हणून निवृत्त गृहस्थ. त्यांच्याकडे चिठ्ठी होती, तरी त्यांनी सरांच्या तोंडावर सांगितलं, की नाही, माझे गुडघे धरलेत, मी काही येणार नाही. सरांना ते आवडलं नाही.

शनिवारी हॉल होता. या वेळी सरही आले, पुढच्या खुर्चीवर बसले, रुमालाने मान पुसत राहिले. साडेपाच झाले. हो म्हणणाऱ्यांतले तिघंचौघं आले. बघू म्हणणाऱ्यांतलं एकही माणूस आलं नाही. पावणेसहाला दारात काठीचा आवाज झाला आणि अंबादास आत आले, धापा टाकत. नातवंडं गावी गेलीत, घरात करमेना, असं काहीतरी सांगत ते सुलक्षणाच्या शेजारी बसले आणि मोजायचे नळ कुठे आहेत ते विचारू लागले.

भाऊराव हॉलच्या समोरच्या इमारतीत राहत होते. त्यांच्या गॅलरीत दिवा होता. सरांनी एकदोनदा तिकडे पाहिलं. उठताना म्हणाले, “लग्नसराई आहे. लोक अडकलेले असणार.”

सुलक्षणाला त्यांच्या कॉलरला धरून हलवावंसं वाटलं, आणि लगेच त्यांची कीवही आली. तिच्या लक्षात आलं, की या माणसाला आयुष्यभर ज्यांनी ज्यांनी बघू म्हटलं, त्यांनी त्याचं काम केलं होतं. गॅसवाला, रेशनवाला, विद्यापीठातला कारकून, सगळ्यांनी. प्रोफेसरांना कोण ताटकळत ठेवतो? त्यांच्या जगात बघू म्हणजे खरोखरच हो होतं, आणि तेच त्यांनी छापलं होतं.

सोमवारी मीराने आकडे मांडले. सुलक्षणाला लोकांचं वाक्य जसंच्या तसं कार्डावर लिहून ठेवायची खोड होती, त्यामुळे मुलुंडच्या तिन्ही खेपांतले बघूसुद्धा वेगळे काढता आले. हे बघू ‘हो’मध्ये टाकले, की सरांचा निष्कर्ष जवळजवळ जसाच्या तसा उभा राहत होता: चिठ्ठीवाले सत्तरच्या आसपास, बाकीचे तिशीत. ‘नाही’मध्ये टाकले, की काहीच उरत नव्हतं. छोट्या होकाराने मोठा होकार वाढत नव्हता. वाढत होता तो बघू. एकदा चिठ्ठीपुरती ओळख झाली, की माणसाला त्या तोंडावर नाही म्हणणं कठीण होतं, एवढंच. नकार तोच राहत होता, फक्त गोड होत होता.

मग मीराने सरळ सुचवलं, की बघू टाक ‘हो’मध्ये. सरांनी तसंच मोजलं होतं, तूही तसंच मोजलंस तर यात खोटं काय आहे? प्रयोग जुळला म्हणून लिही, सर खूश, जूनमध्ये सही, जुलैत कायम. बाकी शोध नंतर लाव, नोकरी पक्की झाल्यावर.

सुलक्षणाला ते सगळं दिसलं. कायमच्या नेमणुकीचं पत्र, घाटकोपरातच दोन खोल्या, आई गावाहून आलेली. एका रकान्यातल्या खुणा शेजारच्या रकान्यात सरकवायच्या होत्या. सरांचीच पद्धत, सरांचीच परवानगी, कोणी विचारणारही नव्हतं. ती मोहात पडली, हे कबूल करायला हवं. पेन्सिल तिने हातात घेतली होती.

मग ती म्हणाली, “बघू म्हणजे हो असेल ना मीरा, तर आमचे बाबा चार वर्षं विक्रोळीच्या कारखान्यात कायम आहेत.”

मीराने कागद नीट लावून सुलक्षणाच्या हातात दिले.

पण हे एवढ्यावर थांबलं नाही. जूनचा पहिला सोमवार आला. सुलक्षणा कॉलेजातून तापून आली होती; वेळापत्रकात तिच्या नावापुढे कोणीतरी प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. सहदेव इस्त्रीचा शर्ट काढून हँगरला लावत होते, तोंडावर तेच समाधान.

“पुढल्या म्हयन्यात ये म्हणाले. नाय म्हणूक नाय. बगूया म्हणाले.”

“बाबा, बघू म्हणजे नाही,” ती म्हणाली. “मी चार महिने मोजलंय. बघू म्हणणारा एकही माणूस येत नाही. एकही नाही. तुम्ही जायचं थांबवा आता.”

तिचा आवाज चढला होता, शेजारचा रेडिओ कोणीतरी हळू केला. सहदेव शर्टाची कॉलर सरळ करत राहिले. वाद घातला नाही, रागावलेही नाहीत. फक्त म्हणाले, की तू शिकलेली, तू म्हणतेस तर तसंच असेल. त्या रात्री जेवताना ते नेहमीसारखं साहेबांच्या गावचं, त्यांच्या भावकीचं काही बोलले नाहीत. सुलक्षणाने एवढी वर्षं ज्या शास्त्राचा अभ्यास केला होता, त्याने महाबळेश्वरच्या त्या सहलीनंतर पहिल्यांदाच घरात काहीतरी करून दाखवलं होतं, आणि तिला त्या शास्त्राचाच संताप आला.

प्रबंधाचं पहिलं प्रकरण तिने आठ दिवसांत नव्याने लिहिलं. रकाने तीन. सरांचा अनादर होईल असं एक वाक्य त्यात नव्हतं. उलट मूळ प्रयोगातली निरीक्षणं खरी होती, फक्त एका शब्दाचा अर्थ दोन तऱ्हांनी लागतो आणि तो कसा लागतो त्यावर सगळा निकाल फिरतो, असं तिने दाखवलं होतं. मीराने वाचून सांगितलं, की हे सरांच्या मूळ लेखापेक्षा चांगलं आहे, आणि म्हणूनच वाट लागणार आहे.

नोंदणी संपायला चार दिवस उरले असताना ती सहीसाठी सरांच्या घरी गेली. प्रबंध सरांनी आधीच वाचायला मागून घेतला होता. त्यांच्या समोर तो पडलेला होता आणि ते चष्मा कपाळावर सरकवून बसले होते. त्यांच्यामागच्या कपाटात ते परदेशी नियतकालिक चामड्याच्या बांधणीत ठेवलेलं होतं. एरवी ते जरा पुढे काढून ठेवलेलं असे, आज ते बाकीच्या पुस्तकांच्या रांगेत आत गेलेलं होतं.

सरांनी चहा मागवला. म्हणाले, चांगलं लिहिलंयस. भाषा स्वच्छ आहे. मग त्यांनी खिडकीबाहेर बघत अचानक विचारलं, की तो भाऊराव खरंच आला नव्हता ना. नाही, ती म्हणाली. हॉलच्या समोरच राहतो, ते म्हणाले. माझ्या मुलीच्या लग्नात पंक्ती वाढल्या होत्या त्याने.

तिला वाईट वाटलं, पण तिला सहीही हवी होती. सर, शुक्रवारी शेवटची तारीख आहे, तिने सांगितलं. सही कराल ना?

त्यांनी प्रबंधावर हात ठेवला. ढकललाही नाही, ओढलाही नाही.

“बघू,” ते म्हणाले.

सुलक्षणाला वाटलं, त्यांना स्वतःला ऐकू आलं असेल. पण त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. तिने धीर करून विचारलं, “सर, म्हणजे हो की नाही?”

“अगं, बघू म्हटलं ना मी,” सर म्हणाले, जरा दुखावल्यासारखे, जरा मायेने, जसं कोणी आपल्यावर विनाकारण संशय घेतल्यावर म्हणतं. त्यांनी तिच्यासाठी दार उघडलं. जिन्यात आल्यावर तिच्या लक्षात आलं, की प्रबंध त्यांच्याच टेबलावर राहिलाय, आणि परत जाऊन तो मागायचा की ठेवायचा, हे तिला ठरवता येईना. ती खाली उतरली. बसच्या रांगेत उभी राहून तिने स्वतःशी हिशोब केला. या माणसाच्या तोंडून बघू आलं, तर ते कोणत्या रकान्यात घालायचं? त्याच्या रकान्यात हो होतं. तिच्या रकान्यात नाही होतं. आजवर तिने एवढा अभ्यास केला होता आणि या एका कार्डावर तिला खूण करता येत नव्हती. तिच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं, आणि पुढच्या बाईने वळून बघितल्यावर तिने ते पुसून टाकलं.

घरी सहदेव जमिनीवर बसून तांदूळ निवडत होते. तो सोमवार गेल्यापासून त्यांनी विक्रोळीचं नाव काढलं नव्हतं. इस्त्रीचा शर्टही त्यांनी साध्या कामाला घालायला काढला होता, आता तोच अंगावर होता, बाह्या दुमडलेल्या. त्यांनी मान वर केली.

“काय गो, सर काय म्हणाले?”

“बघू म्हणाले.”

सहदेवांचा हात ताटात थांबला. त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग पुन्हा तांदळाकडे. तिच्याकडूनच शिकलेली गोष्ट ते तिला सांभाळून सांगत होते.

“म्हणजे नायच म्हणाले.”

“नाही बाबा,” सुलक्षणा म्हणाली, आणि तिचा आवाज पुन्हा चढला. “नाही म्हणाले नाहीत ते. बघू म्हणाले.”

बोलून झाल्यावर तिला ऐकू आलं, ती काय बोलली ते. सहदेवांनाही ऐकू आलं असणार. ताट जरा बाजूला सरकवून त्यांनी तिला बसायला जागा करून दिली, आणि ती बसली.